फाइल चार्ज हजाराचा, कपात बावीस हजारांची

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक घणसोलीत राहतात. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहेत. हॉस्पिटलांच्या लॅबमधली यंत्रं दुरुस्त करायला ठाणे, कल्याण, पनवेल असं फिरावं लागतं, त्यासाठी कंपनीने गाडी दिली आहे. जूनमध्ये डोंबिवलीचं काम आटोपून परतताना बहिणीकडे राहायला गेलेल्या आईला त्यांनी गाडीत घेतलं. शिळफाट्याहून महापेकडे येताना पाऊस जोराचा होता. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला आणि यांची गाडी त्याच्यावर आदळली. कोणाला लागलं नाही. टेम्पोवाल्याला त्यांनी जागेवरच दोन हजार रुपये दिले. ही गोष्ट ऑफिसला माहीत नाही. क्लेम पास झाला, गाडी दुरुस्त होऊन आली. आता एचआरने पत्र दिलं आहे : ‘इन्शुरन्स डिफरन्स व इतर नुकसान’ म्हणून २२,४०० रुपये चार हप्त्यांत पगारातून कापले जातील, आठवडाभरात संमतीपत्रावर सही करून द्यावी. शिवाय अपघाताचा लेखी खुलासाही मागितला आहे. साहेब म्हणतात, ‘खुलाशात आईचं नाव काढू नकोस, नाहीतर पर्सनल यूज लावतील.’ पत्नी म्हणते, देऊन टाका आणि मोकळे व्हा. आईला वाटतं, सगळं तिच्यामुळे झालं. पत्रलेखक विचारतात : चूक माझी नाही, विमा आहे, मग पैसे मी का भरायचे? आणि नाही म्हटलं तर नोकरीवर येईल का?

नमस्कार,

आई आणि तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. तुमच्या पत्रात २२,४०० हा आकडा तीनदा आला आहे, पण तो कशाकशाचा मिळून झाला हे कुठेच नाही. एचआरच्या पत्रातही पूर्ण हिशेब नाही. तुम्ही एचआरच्या पत्रासोबत गॅरेजच्या बिलाचा आणि सर्व्हेअरने (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याने) मंजूर केलेल्या कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. बहुतेक उत्तर त्या दोन कागदांत आहे, म्हणून आधी तेच एकेक ओळ करून वाचू.

एकूण बिल जीएसटी धरून ६३,८०० रुपयांचं. पुढचा बंपर ९,०००. तो प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक-रबराच्या भागांवर विमा कंपनी सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापते. म्हणून ४,५०० गेले. हेडलॅम्प ८,४००, त्यातले ४,२०० गेले. जाळी आणि बाकीचं प्लास्टिक ३,६००, त्यातले १,८००. बॉनेट पत्र्याचं, १२,००० चं. तुमची गाडी सव्वादोन वर्षांची, आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर १५ टक्के कापतात, म्हणजे १,८००. रेडिएटर आणि त्याची फ्रेम मिळून १०,०००, त्यावर १,५००. रंगकाम १२,०००. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, म्हणजे आणखी १,५००. कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा, नटबोल्ट हे १,८०० रुपये तुमच्या पॉलिसीत धरलेच जात नाहीत. मजुरीचे ७,००० पूर्ण मंजूर झाले. आणि सगळ्यात शेवटची ओळ, कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला विमा कंपनी देत नाही ती ठरलेली रक्कम, जिला गॅरेजवाले फाइल चार्ज म्हणतात : १,००० रुपये. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला तो हजार असतो, त्यावरच्या गाडीला दोन हजार.

सगळी वजावट १८,१००. विमा कंपनीने दिले ४५,७००. मग एचआरचे २२,४०० कुठून आले? वरचे ४,३०० ‘नो क्लेम बोनस गेल्याबद्दल’, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट गेल्याबद्दल आहेत. ते एचआरच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. तुमच्या नजरेतून ते सुटलं असावं.

म्हणजे प्रत्येक क्लेमला, पॉलिसी कितीही चांगली असली तरी, खिशातून जाणारी रक्कम यात फक्त हजार रुपयांची आहे. कूलंट-क्लिपांचे १,८०० आणि घसाऱ्याचे १५,३०० गेले ते पॉलिसी साधी होती म्हणून. झिरो डेप हे जोडकव्हर घेतलं असतं तर घसारा कापला गेला नसता. कन्झ्युमेबल्सचं कव्हर जोडलं असतं तर कूलंट-क्लिपांचेही मिळाले असते. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ही कव्हर्स सहज मिळतात, प्रीमियम थोडा वाढतो इतकंच. तो प्रीमियम वाचवायचं कंपनीने ठरवलं. कंपनीच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचाही असेल. पण वाचलेला प्रीमियम दर वर्षी कंपनीकडे राहणार आणि त्या बचतीची किंमत अपघाताच्या दिवशी जो चाकामागे बसला असेल त्याने मोजायची, हे मला पटत नाही. पॉलिसी घेताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का? गाडीची चावी तुमच्या हातात आली, पॉलिसी नाही.

घसाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुमची सगळ्यात भक्कम बाजू मला इथे दिसते. विमा कंपनी घसारा का कापते? तुटलेला बंपर सव्वादोन वर्षं वापरलेला होता आणि बसवलेला कोरा आहे, म्हणून. जुन्याच्या जागी नवं मिळालं, तो वरचा फरक ती देत नाही. मग तो फरक कंपनीचं ‘नुकसान’ कसा होतो? कंपनीच्या गाडीला नवं बॉनेट, नवा हेडलॅम्प, नवा रेडिएटर मिळाला. तुमच्या पगारातून हे पैसे कापले तर त्या नव्या भागांची वाढीव किंमत तुम्ही भरल्यासारखं होतं आणि गाडी मात्र कंपनीची. शिवाय हीच कंपनी आयकरात त्या गाडीवर दर वर्षी १५ टक्के घसारा दाखवून वजावट घेते. तिथे गाडी जुनी होत जाते आणि तुमच्याकडून वसूल करताना नवी धरली जाते, असं दोन्हीकडून चालणार नाही. हा मुद्दा एचआरपेक्षा अकाउंट्समधल्या माणसाला लवकर कळेल, म्हणून पत्राची प्रत अकाउंट्सलाही द्या.

नो क्लेम बोनसचं थोडक्यात. दोन वर्षं क्लेम नाही म्हणून यंदाच्या पॉलिसीत २५ टक्के सूट होती, पुढच्या नूतनीकरणाला ती ३५ झाली असती, आता शून्यावर आली. कंपनीचा तोटा झाला हे खरं. पण क्लेम करायचा की नाही हे कंपनीने ठरवलं, आणि ६३,८०० च्या बिलावर क्लेम करणंच बरोबर होतं. पुढच्या वर्षीच्या प्रीमियमचा अंदाज बांधून तो आज तुमच्या पगारातून घेणं मला अजिबात मान्य नाही. हे ४,३०० देऊ नका.

आता तुमच्या बाजूच्या दोन गोष्टी तपासू. राग मानू नका.

तुम्ही लिहिता, टेम्पोने अचानक ब्रेक मारला, त्यात माझी काय चूक. शिळ-महापे रस्ता मला माहीत आहे. अवजड गाड्या, खड्डे, पावसात पुसून गेलेल्या लेनच्या रेषा. तिथे पुढचा माणूस ब्रेक मारणारच, हे धरूनच गाडी चालवावी लागते. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवण्याची जबाबदारी मागच्या चालकावर असते. २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या नियमांत ते स्पष्ट लिहिलं आहे. मागून धडक बसली की बोट मागच्याकडे जातं, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असतं. तेव्हा ‘माझी काहीच चूक नाही’ या वाक्यावर सगळी बाजू उभी करू नका. पहिल्याच उलट प्रश्नाला ती कोसळेल, आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यांकडेही कोणी लक्ष देणार नाही. मुसळधार पावसात अंतर थोडं कमी पडलं, हे कबूल करायला हरकत नाही. दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाकडून वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी होणारी ती चूक आहे. फोनवर बोलत गाडी चालवणं, दारू पिऊन चालवणं, सिग्नल तोडणं हे वेगळं. कंपनीने कामासाठी रस्त्यावर पाठवलं तर रस्त्यावरच्या नेहमीच्या धोक्याचा भार कंपनीने उचलायचा, असं मी मानते.

दुसरी गोष्ट : ‘विमा आहे, मग कोणीच का भरायचे?’ विमा सगळं देत नाही हे वर पाहिलंच. विम्यानंतर उरलेलं कोणीतरी भरणारच आहे, त्यामुळे वाद करायचा तो त्या उरलेल्या रकमेवर.

कायदा इथे तुमच्या पाठीशी आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहे. जुन्या १९३६ च्या वेतन कायद्याला पगाराची मर्यादा होती, शेवटी ती महिना २४,००० रुपये होती. त्यावर पगार असलेले तुमच्यासारखे इंजिनिअर त्यातून बाहेर राहत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि कपातीचे नियम पगार कितीही असला तरी लागू झाले. कलम १८ आणि २१ एकत्र वाचा. नुकसानीपोटी कपात करायची तर वस्तू तुमच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली हवी. नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेलं हवं. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही. सगळ्या कपाती मिळून महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हेही आहेच. गाडी लेखी ताब्यात दिली असेल तर पहिली अट पुरी झाली असं कंपनी म्हणेल. पण बाकीच्यांचं काय? खुलासा मागवला तोच कपातीची रक्कम आणि हप्ते ठरवून झाल्यावर. आधी शिक्षा आणि मग विचारणा, हा क्रम तुम्ही त्यांच्या लक्षात आणून द्या.

त्या संमतीपत्रावर म्हणूनच सही करू नका. सही केलीत की ‘हलगर्जीपणा मान्य’ असं त्यात लिहिलेलं आहे तेही मान्य होतं. ते वाक्य वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी फाइलमधून पुन्हा वर येईल.

आईबद्दल. तुमचे साहेब तुमच्या भल्यासाठीच सांगत असतील, पण सल्ला चुकीचा आहे. विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये तुम्ही आई गाडीत होती हे लिहिलंत, सर्व्हेअरलाही सांगितलंत. ते वाचूनच विमा कंपनीने क्लेम पास केला, कारण खासगी गाडीच्या पॉलिसीत घरचं माणूस शेजारी बसणं निषिद्ध नाही. भाड्याने गाडी चालवणं, शर्यती लावणं, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक करणं या गोष्टी चालत नाहीत. (तुमच्या डिकीत यंत्रांचे सुटे भाग असतात. ते कोणत्या कामासाठी नेता याची ऑफिसात नोंद असू द्या.) त्या फॉर्मची प्रत एचआरच्या फाइलला लागलेली असणारच. तिथे एक आणि खुलाशात दुसरं दिसलं तर आजवर जो प्रश्न पैशाचा होता तो तुमच्या खरेपणाचा होईल.

आणि हा ‘पर्सनल यूज’ तरी किती? डोंबिवलीहून महापे-घणसोलीला येताना शिळफाटा लागतोच. आई सोबत नसती तरी तुम्ही त्याच रस्त्याने, त्याच वेळी, त्याच पावसात आला असता. बहिणीच्या दारात वीस मिनिटं थांबलात एवढंच. खुलाशात हे सरळ लिहा. आणखी एक पाहा : गेल्या वर्षीचा फॉर्म १६ काढा. त्यात कंपनीच्या गाडीची सुविधा पर्क्विझिट (पगाराशिवाय मिळणारा करपात्र लाभ) म्हणून तुमच्या उत्पन्नात धरली असेल, तर गाडीचा खासगी वापर कंपनीने स्वतःच गृहीत धरलेला आहे आणि त्यावर तुम्ही कर भरता आहात. मग आईला घरी आणणं हा गुन्हा ठरत नाही. धरलेली नसेल, तर गाडीचं धोरण काय म्हणतं ते बघा. रुजू होताना न वाचता सही केली, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याची प्रत आजच मागा.

आईला मात्र आज संध्याकाळीच बसवून सांगा. रस्ता तोच होता, तुम्ही त्याच वेळी तिथे असता, तिच्या असण्याने काही बदललं नाही. हे तुम्ही सांगितल्याशिवाय तिच्या मनातून जाणार नाही.

टेम्पोवाल्याला दिलेले दोन हजार लपवू नका. मागे वाहनांची रांग लागलेली, पाऊस कोसळतोय, आई घाबरलेली. त्या घटकेला माणूस खिशात हात घालतो. पण विमा कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय समोरच्याला पैसे किंवा कबुली द्यायची नाही अशी अट पॉलिसीत असते, आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सहसा साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतंच. पुढे टेम्पोमालकाने मागणी केली तर कंपनीला ही गोष्ट बाहेरून कळायला नको. खुलाशात एक ओळ टाका. ते पैसे परत मागू नका, मिळणार नाहीत.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. देऊन मोकळे व्हा, या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. घराचा हप्ता चालू आहे, मूल्यमापन तोंडावर आहे, महिन्याला ५,६०० रुपये सोसता येतील आणि शांत झोप लागेल, असा हिशेब त्यांनी मांडला असेल तर तो समजण्यासारखा आहे. फक्त त्यात एक गोष्ट धरायची राहिली. तुम्ही रोज रस्त्यावर असता. गाडीला पुन्हा ओरखडा आला की हाच दर लागू होईल, आणि तुमच्यानंतर बाकीच्या इंजिनिअरांनाही. दुसऱ्या टोकाला सरळ ‘एक पैसा देणार नाही’ म्हणणं आहे. तेही मी सुचवणार नाही, कारण भांडण पैशांवरून तुमच्या वागण्यावर जाईल.

मी तुमच्या जागी असते तर हजार रुपयांचा फाइल चार्ज भरायची तयारी स्वतःहून दाखवली असती. कायद्याने तोही देणं लागताच असं नाही, पण त्यातून जबाबदारी टाळत नाही हे दिसतं आणि बोलणी पुढे सरकतात. त्यांनी ताणलंच तर कन्झ्युमेबल्सचे अठराशे धरून २,८०० पर्यंत जा. घसारा आणि बोनसवर मात्र मागे हटू नका.

ई-मेल साधी ठेवा, इंग्रजीत लिहिलीत तरी मजकूर हाच : ‘आपलं पत्र मिळालं. अपघाताचा सविस्तर खुलासा सोबत जोडला आहे. कपातीच्या २२,४०० रुपयांचा बाबवार तपशील, विमा पॉलिसीची प्रत, सर्व्हेअरचा अहवाल आणि माझ्या सहीचं गाडीचं धोरण कृपया द्यावं. वजावटीतले १५,३०० रुपये हे घसाऱ्याचे असून ते नव्या भागांच्या वाढीव किमतीपोटी आहेत. नो क्लेम बोनस हे सोपवलेल्या वस्तूचं नुकसान नाही. या दोन्ही रकमांच्या कपातीला माझी संमती नाही. कंपल्सरी डिडक्टिबलचे १,००० रुपये भरण्यास मी तयार आहे. तपशील मिळून चर्चा होईपर्यंत कपात करू नये ही विनंती.’ एचआर, तुमचे साहेब आणि अकाउंट्स, तिघांना पाठवा, पण पाठवण्याआधी साहेबांना समोर बसून सांगा. त्यांना ती अचानक वाचायला लागली तर ते तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत.

नोकरीवर येईल का? हिशेब मागितला म्हणून लगेच कोणी काढत नाही. नवा सर्व्हिस इंजिनिअर शोधून त्याला यंत्रं शिकवायला २२,४०० पेक्षा कितीतरी जास्त लागतात. मूल्यमापनात कुरकुर होऊ शकते, ती शक्यता मी नाकारत नाही. म्हणून गेल्या वर्षभरात किती कॉल केले, किती लॅबनी कामाची पोच दिली, हे कागद आत्तापासून गोळा करा. आणि बोलणं चांगल्या वळणावर आलं तर पुढच्या नूतनीकरणाला सगळ्या सर्व्हिस गाड्यांना झिरो डेप घ्यावं, हे तुम्हीच सुचवा.

हे वाचणाऱ्यांत ऐरोली, रबाळे, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांसाठी कंत्राटी गाड्या चालवणारे ड्रायव्हरही असतील. त्यांची अवस्था पत्रलेखकांपेक्षा वाईट असते. बंपरला टेकलं की मालक महिन्याचा निम्मा पगार रोखून धरतो. बिल दाखवत नाही, विम्याचे पैसे आले की नाही तेही सांगत नाही. त्यांनाही हेच लागू आहे. तुम्ही पगारावर असाल तर कपातीपूर्वी तुमचं म्हणणं ऐकणं मालकावर बंधनकारक आहे, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. गॅरेजच्या बिलाचा आणि गाडीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. पगार बँकेत घ्या, म्हणजे किती कापले ते दिसेल. नोकरी सोडताना ‘हिशेब पूर्ण’ असं लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका. नव्या संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत पूर्ण पगार चुकता करायचा असतो. बेकायदा कपात झाली तर दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. नवी मुंबईचा हा भाग आणि ठाणं एकाच जिल्ह्यात येतात, तेव्हा चौकशीसाठी ठाण्याच्या कामगार कार्यालयात जा. सोबत पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि गाडीचे फोटो न्या.